कोटातली हिरवळ, कोटाबाहेरचं मैदान

मुंबईच्या फोर्ट भागावर आजवर पुष्कळ लिहिलं गेलं, पण ते बहुतेक सगळं दगडांवर. राजाबाई टॉवर किती उंच, टाउन हॉलला खांब कुठल्या घाटाचे, गॉथिक कुठे संपतं आणि आर्ट डेको कुठे सुरू होतं, हे आता शनिवार-रविवारच्या वारसा फेरीला गेलेली शाळकरी पोरंही सांगतात. या इमारती ज्या मोकळ्या जागेकडे तोंड करून उभ्या आहेत तिच्या वाट्याला मात्र एखादंच वाक्य येतं: समोर विस्तीर्ण मैदान आहे. ते तिथे का आहे, कुणी ठेवलं, कुणासाठी ठेवलं आणि एवढ्या महागड्या जमिनीवर अजून शिल्लक कसं, असे प्रश्न विचारायला घेतले की इमारतींची गोष्टही वेगळी दिसू लागते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ही जागा कुणाच्या झाडाझुडपांच्या प्रेमामुळे मोकळी राहिलेली नाही. आधी ती तोफांच्या धाकाने मोकळी राहिली आणि नंतर भांडणांमुळे. ज्याने ज्याने ती आपल्या ताब्यात घेऊ पाहिली त्याच्याशी दुसरं कुणीतरी भांडलं, म्हणून ती उरली.

खरं तर जागा दोन. एक कोटाच्या आतली, लहान. दुसरी कोटाबाहेरची, मोठी. आतलीला इंग्रज ‘बॉम्बे ग्रीन’ म्हणत. विलायतेतल्या गावात चर्चपुढे सगळ्या गावाची मिळून एक हिरवी जागा असते, तसंच काहीसं त्यांच्या मनात असणार. चर्चही होतंच. जेरल्ड ऑन्जियर मुंबईचा गव्हर्नर असताना १६७६ साली त्याचा पाया घातला गेला, थोड्या भिंती वर आल्या आणि काम जे थांबलं ते जवळपास चाळीस वर्षं थांबलं. रिचर्ड कॉब नावाच्या पाद्र्याने नेट लावून वर्गणी जमवली, तेव्हा १७१८च्या नाताळात सेंट थॉमस चर्च उघडलं. कोटाला तीन दरवाजे होते: अपोलो, बाजार आणि चर्चकडे जाणारा तो चर्चगेट. तो दरवाजा १८६०च्या दशकात पाडला, त्या जागी फ्लोरा फाउंटन आलं, आणि दरवाजाचं नाव मात्र चालत चालत पश्चिमेला रेल्वे स्टेशनावर जाऊन बसलं. रोज चर्चगेटला उतरणाऱ्या लाखो माणसांपैकी फार थोड्यांनी ते चर्च पाहिलं असेल.

या हिरवळीवर हिरवं फारसं काही नव्हतं. पलटणी कवायत करत आणि हंगामात कापसाच्या गाठींचे ढीग लागत. कापूस इथेच उतरायचा, दाबला जायचा, तोलला जायचा आणि बंदरात रवाना व्हायचा. धूळ, तंतू, बैलगाड्या आणि हमाल यांची ही जागा होती. १८४४ साली कापसाचा व्यापार कुलाब्याला हलवला, पुढे तिथूनही शिवडीच्या बाजूला. हार्बर लाइनवरचं कॉटन ग्रीन स्टेशन हे त्या हिरवळीचं नावापुरतं उरलेलं वंशज. व्यापारी गेले, दलाल मात्र राहिले. टाउन हॉलसमोरच्या वडाखाली जमून सौदे करणाऱ्या चार-दोन शेअर दलालांची गोष्ट शेअर बाजाराच्या इतिहासात पहिल्या पानावर असते. १८७५मध्ये त्यांची रीतसर संघटना झाली. दलाल स्ट्रीट इथून हाकेच्या अंतरावर आहे.

याच हिरवळीवर लॉर्ड कॉर्नवॉलिसचा संगमरवरी पुतळा छत्रीखाली उभा होता. लोक त्याला फुलं वाहू लागले, हात जोडू लागले. सरकारने ‘हा देव नव्हे’ असं समजावून पाहिलं, पण उपयोग झाला नाही, असं जुन्या इंग्रजी पुस्तकांत नोंदलेलं आहे. ही नोंद लिहिणाऱ्यांनी ती नेटिवांच्या भोळेपणाचा नमुना म्हणून लिहिली. मला ती उलट वाटते. मोकळ्या जागेत दगड मांडला आणि वर छत्री केली की त्याला नमस्कार होणारच. इथली रीत ठाऊक नव्हती ती पुतळा बसवणाऱ्यांना. आज कॉर्नवॉलिस इतर गोऱ्या पुतळ्यांबरोबर भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे.

हिरवळीच्या पूर्व अंगाला १८३३मध्ये टाउन हॉल पुरा झाला. कर्नल टॉमस काउपरच्या आराखड्यावरची ही इमारत, डोरिक खांबांची, समोर तीस पायऱ्यांची. १८०४ साली सर जेम्स मॅकिंटॉश यांनी सुरू केलेल्या साहित्य मंडळाची पुढे एशियाटिक सोसायटी झाली आणि ती इथे राहायला आली. लेखिका दुर्गाबाई भागवतांचं अर्ध्याहून अधिक आयुष्य या वाचनालयात गेलं असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. शेजारी टांकसाळ होती. पण मधली जागा तशीच राहिली: कापूस गेल्यावर कचऱ्याची, नारळाच्या करवंट्यांची आणि चिखलाची.

तिची बाग करण्याची कल्पना निघाली एका पोलीस अधिकाऱ्याच्या डोक्यातून. चार्ल्स फोर्जेट. जागेच्या भोवती गोल रस्ता काढायचा, कडेचे भूखंड इंग्रज व्यापारी कंपन्यांना विकायचे, इमारतींचे दर्शनी भाग सगळ्यांचे एकसारखे ठेवायचे आणि मध्ये बाग करायची. लॉर्ड एल्फिन्स्टन आणि त्यांच्यामागून आलेले सर बार्टल फ्रिअर या दोन गव्हर्नरांनी पाठिंबा दिला. भूखंड विकले गेले, कमानींच्या ओसऱ्या असलेल्या इमारती उभ्या राहिल्या, आणि १८६९ ते १८७२ या काळात बाग तयार झाली. एल्फिन्स्टन सर्कल. संध्याकाळी बँड वाजायचा आणि पारशी कुटुंबं हवा खायला यायची. स्वातंत्र्यानंतर तिला बेंजामिन हॉर्निमन यांचं नाव दिलं. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे हे इंग्रज संपादक १९१९मध्ये सरकारने हद्दपार केले होते; एका गव्हर्नराच्या नावाऐवजी एका पत्रकाराचं नाव, असा बदल आपल्याकडे क्वचितच होतो. वर्तुळाच्या कडेलाच १८२२पासून निघणाऱ्या ‘मुंबई समाचार’ची लाल इमारत आहे, हे त्याला साजेसंच.

बागेच्या भोवती फिरताना वर बघावं. कमानींच्या माथ्यावर दगडी चेहरे कोरले आहेत, दाढीवाले, ग्रीक धाटणीचे. खाली ओसरीत झेरॉक्सवाले, स्टेशनरीवाले, मुद्रांक विकणारे, आणि २०१२पासून एका कोपऱ्यावर स्टारबक्सचं भारतातलं पहिलं दुकान. बाग मात्र कुंपणातली आणि ठरावीक वेळेतली. दुपारी बँकांतले लोक डबा उघडून बाकांवर बसतात, हिवाळ्यात सुफी संगीताच्या मैफली होतात. आतल्या हिरवळीची गोष्ट इथे पुरी होते. ती वाचली, पण तिला वेढणाऱ्या भूखंडांच्या किमतीवर वाचली. मध्ये बाग नसती तर कडेचे भूखंड त्या भावाने गेले नसते, हे फोर्जेटला पक्कं कळत होतं.

फोर्जेटचं दुसरं काम अधिक प्रसिद्ध आहे आणि ते आपल्याला कोटाबाहेर नेतं. १८५७ साली वेषांतर करून फिरत त्याने मुंबईतल्या पलटणींमधल्या उठावाची तयारी हुडकून काढली. १५ ऑक्टोबरला मंगल गडिया आणि सय्यद हुसेन या दोघांना तोफेच्या तोंडी दिलं, ते एस्प्लनेडवर, आजच्या आझाद मैदानाच्या बाजूला. एकाच माणसाच्या खात्यावर एक बाग आहे आणि एक वधस्थान, आणि दोन्हींमधलं अंतर चालत वीस मिनिटांचं.

एस्प्लनेड म्हणजे कोटाच्या तटापासून तोफेच्या माऱ्याइतकी मोकळी ठेवलेली जमीन. शत्रू आलाच तर त्याला आडोसा मिळू नये, एवढाच हेतू. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इथल्या नारळीच्या बागा आणि घरं साफ केली गेली. १८०३च्या फेब्रुवारीत कोटातली वस्ती मोठ्या आगीत जळाली, त्यानंतर पट्टा आणखी रुंद केला. भंडाऱ्यांची झाडं आणि गरिबांची घरं उठवून तयार झालेली ही मोकळीक आहे. तिच्याकडे नुसतं शहराचं फुप्फुस म्हणून पाहणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं.

शत्रू काही आला नाही. मग मैदानाने आपले उद्योग सुरू केले. उन्हाळ्यात कोटातल्या उकाड्याला कंटाळलेले गोरे अधिकारी इथे तंबू ठोकत, बांबूचे तात्पुरते बंगले बांधत आणि पावसाच्या तोंडावर ते उठवून पुन्हा कोटात जात. गुरं चरत. १८३८ साली सरकारने चराईवर कर बसवला तेव्हा गरीब गुराख्यांची पंचाईत झाली. जमशेटजी जीजीभाईंनी स्वतःचे वीस हजार रुपये घालून ठाकुरद्वारजवळ समुद्रालगत चरणीची जमीन घेतली, आणि चर्नी रोडचं नाव तिच्यावरून पडलं असं सांगतात. म्हणजे गायरानावरचं भांडण मुंबईतही झालं होतं. फरक एवढाच की खेड्यात अशा वेळी पाटील-कुळकर्ण्यांकडे जावं लागतं, इथे चीनशी व्यापारात पैसा कमावलेल्या एका पारशी शेटजींनी ते खिशातून मिटवलं.

या मैदानाची सगळ्यात जुनी चालती खूण म्हणजे भिखा बेहराम विहीर. क्रॉस मैदानाच्या कडेला, चर्चगेटहून फाउंटनकडे जाताना उजव्या-डाव्या गर्दीत ती सहज नजरेतून सुटते. भिखाजी बेहरामजी पांडे नावाच्या पारशी गृहस्थाने १७२५ साली ती खोदली. भरूचकडून मुंबईला येताना मराठ्यांनी त्याला मुसलमान समजून पकडलं, त्याने सदरा-कस्ती दाखवून आपण पारशी असल्याचं पटवलं तेव्हा सुटका झाली, अशी कथा आहे. समुद्र इतका जवळ असून पाणी गोडं. विहिरीवर मांडव आहे, रंगीत काचा आहेत, दिवा तेवत असतो; आत पारशीच जातात. बाहेर पदपथावर शर्ट आणि जीन्सचे ढीग लावलेली फॅशन स्ट्रीट, पलीकडे खाऊगल्लीतला पावभाजीचा वास. कोट पडला, तट पडले, मैदानाचे चार तुकडे झाले, विहीर तीनशे वर्षं जागची हललेली नाही.

तट पडले ते बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं, तिथला कापूस बंद झाला, मुंबईत पैशाचा पूर आला आणि तटांची जागा सोन्याची झाली. गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचें वर्णन’ नेमकं १८६३मध्ये आलं, म्हणजे जुनी मुंबई मोडायला घेतलेली असताना एका मराठी माणसाने तिचा ताळेबंद मांडून ठेवला. त्यानंतरच्या पंधरा वर्षांत मैदानाच्या पूर्व कडेने एक रांगच उभी राहिली: सार्वजनिक बांधकाम खात्याची कचेरी, सचिवालय, विद्यापीठाचं सभागृह, हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर. टॉवरसाठी पैसे दिले प्रेमचंद रायचंद यांनी, आईच्या नावाने. या इमारती आज मैदानाच्या चार तुकड्यांपैकी ओव्हलकडे बघतात. बांधल्या तेव्हा त्या समुद्राकडे बघत होत्या. ओव्हलच्या पश्चिमेला रेल्वेचे रूळ आणि त्यांच्या पलीकडे लाटा होत्या.

समुद्र मागे ढकलला तो १९२०च्या दशकातल्या बॅक बे भरावाने. त्या योजनेतला घोळ बॅरिस्टर खुर्शेद नरीमन यांनी चव्हाट्यावर आणला, आणि चर्चगेटवरून जाणारा रस्ता आज त्यांचंच नाव मिरवतो. भरावावर १९३०च्या दशकात आर्ट डेको इमारती आल्या, सारख्या उंचीच्या, गोलाकार गच्च्यांच्या. १९३८मध्ये इरॉस सिनेमा उघडला. मैदानाच्या एका बाजूला राणीच्या काळातले मनोरे आणि दुसऱ्या बाजूला सिनेमाच्या काळातल्या बाल्कन्या, अशी समोरासमोरची जोडी जगात दुर्मीळ म्हणून युनेस्कोने २०१८ साली हा परिसर जागतिक वारसा यादीत घेतला. इमारती मोजल्या ९४. पण या ९४ इमारती एकमेकींना दिसतात त्या मध्ये ओव्हलचे बावीस एकर रिकामे आहेत म्हणून.

आता भांडणांकडे येतो, कारण माझ्या मते मैदानाचा खरा इतिहास तिथे आहे.

बॉम्बे जिमखाना १८७५मध्ये आजच्या आझाद मैदानाच्या दक्षिण टोकाला सुरू झाला, फक्त युरोपियनांसाठी. त्याआधीपासून पारशी आणि त्यांच्यामागून हिंदू पोरं उरलेल्या मैदानावर क्रिकेट खेळत होती. जिमखान्याच्या साहेबांनी पोलो सुरू केला. पोलो त्यांच्या स्वतःच्या राखलेल्या क्रिकेटच्या हिरवळीवर होत नसे. तो होई नेटिवांच्या खेळपट्ट्यांवरून. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडायची आणि मग त्या खड्ड्यांतून चेंडू कुठे उडेल याचा नेम नसायचा. १८८१ साली शेकडो क्रिकेटपटूंनी सह्या करून अर्ज केला. सरकारने आधी मान्य केलं, पोलो हलवला; मग साहेबांची कुरकुर सुरू झाली तसं फिरवलं. अर्जामागून अर्ज, वर्तमानपत्रांतून पत्रं. या सगळ्या लढ्याची कहाणी शापुरजी सोराबजी यांनी १८९७ साली पुस्तकात लिहून ठेवली. भारतीयांनी क्रिकेटवर लिहिलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांत तिची गणना होते. एका मैदानाच्या हक्कावरून आपलं आरंभीचं क्रीडालेखन झालं, ही गोष्ट मला फार आवडते.

निकाल मात्र तिरका लागला. सरकारने मैदानाचा हक्क मोकळा करण्याऐवजी केनेडी सी फेसवर, म्हणजे आजच्या मरीन ड्राइव्हच्या बाजूला, पारशी, मुसलमान आणि हिंदूंना वेगवेगळे जिमखाने दिले. भांडण मिटलं आणि क्रिकेटची धर्मवार वाटणी झाली. चौरंगी-पंचरंगी सामने १९४०च्या दशकापर्यंत त्याच वाटणीवर चालले. ज्यांना कुठलाच जिमखाना मिळाला नाही त्यांच्यासाठी मैदान राहिलं. बॉम्बे जिमखान्याच्या आतही पुढे इतिहास झाला: १९२६मध्ये सी. के. नायडूंनी एमसीसीविरुद्ध अकरा षटकार मारून १५३ काढल्या, आणि डिसेंबर १९३३मध्ये भारतातली पहिली कसोटी तिथेच झाली. पण १९८८च्या फेब्रुवारीत सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी हॅरिस शील्डमध्ये ६६४ धावांची भागी केली ती आझाद मैदानावर, कुंपणाबाहेर.

आझाद मैदानावर बावीस खेळपट्ट्या आहेत. सकाळी दहाला तिथे गेलं तर कोण कुठल्या सामन्यात आहे हे बाहेरच्याला कळत नाही. एका सामन्याचा लॉंग ऑन दुसऱ्या सामन्याच्या स्लिपशेजारी उभा असतो, पाठीला पाठ लावून. तिसऱ्याच पिचवरून ‘हेड्स!’ अशी आरोळी आली की दोघेही खाली वाकतात. फलंदाजाला डोळ्यांचा कोपरा बंद करून खेळायला शिकावं लागतं. मुंबईच्या फलंदाजीतला जो ‘खडूस’पणा कौतुकाने सांगितला जातो त्यात या दाटीचा वाटा नक्कीच आहे.

आणि पावसाळा. १९४८मध्ये सुरू झालेली कांगा लीग ही पावसाळ्यातली लीग. चार महिने गवत घोट्याइतकं वाढतं, मारलेला चेंडू त्यात रुततो, सीमारेषेपर्यंत जातच नाही. दिवाळीनंतर ते पिवळं पडतं आणि मार्चपर्यंत उघडी लाल माती. मुंबईचं मैदान वर्षातून चार महिनेच हिरवं असतं, ही त्याची प्रकृती आहे. बारमाही विलायती लॉनचा आग्रह धरणाऱ्यांची मला म्हणूनच धास्ती वाटते. लॉन आलं की पाणी आलं, पाणी आलं की राखण आली, राखण आली की ‘गवतावर चालू नये’ अशी पाटी.

ओव्हलवर हे वळण थोडक्यात टळलं. १९९०च्या दशकात ते मैदान कचरा, दारू आणि बेवारस जनावरं यांनी भरलेलं असताना आसपासच्या रहिवाशांनी कोर्टाचं दार ठोठावलं आणि देखभाल अंगावर घेतली. आज मैदान स्वच्छ आहे, कडेने ताडामाडांच्या रांगा आहेत, रात्री फाटकं बंद होतात. मधली पायवाट मात्र चालू राहिली, आणि चर्चगेटला उतरलेले वकील, कारकून काळ्या कोटांची आणि फायलींची गर्दी करत क्रिकेटच्या मधूनच हायकोर्टाकडे जातात. रहिवाशांचं काम चोखच आहे. तरी कुंपणाचा प्रश्न उरतोच: ज्याच्या खिडकीतून मैदान दिसतं त्याने ते जपावं हे ठीक, पण ज्याला मैदानाखेरीज बसायला जागा नाही त्याचं मत या जपणुकीत कुठे नोंदवलं जातं?

मेट्रोने वेगळ्या रीतीने परीक्षा घेतली. भुयारी मार्गासाठी बोगदा खोदणारं यंत्र उतरवायला आझाद मैदानाचा एक भाग वर्षानुवर्षं पत्र्यांआड गेला. ऑक्टोबर २०२५मध्ये मार्ग कफ परेडपर्यंत पुरा सुरू झाला. तात्पुरतं म्हणून घेतलेल्या जमिनीचा इंच न इंच मैदानाकडे परत आला की नाही, हे कुणीतरी जुना नकाशा हातात घेऊन मोजायला हवं. वारसा समित्या दर्शनी भागांच्या रंगावर बैठका घेतात. मैदानाच्या हद्दीवर घेतलेली बैठक माझ्या ऐकिवात नाही.

शेवटचं आणि आजचं भांडण सभेचं. १९३०च्या सविनय कायदेभंगात याच एस्प्लनेडवर स्वयंसेवकांवर लाठ्या चालल्या. २१ नोव्हेंबर १९५५ला फाउंटनवर संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, आणि कोटाचा जुना दरवाजा जिथे होता तिथे हुतात्मा चौक झाला. पुढे मंत्रालयावर, काळा घोड्यावर येणारे मोर्चे रहिवाशांच्या तक्रारी आणि न्यायालयीन आदेश यांतून आझाद मैदानाच्या एका कोपऱ्यात आणून बसवले गेले. मार्च २०१८मध्ये नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर चालत आलेले शेतकरी तिथेच येऊन बसले. दहावीच्या मुलांची परीक्षा होती म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीतून चालून काढला होता. ऑगस्ट २०२५च्या अखेरीस मनोज जरांगे पाटलांच्या मराठा आरक्षण आंदोलनाला परवानगी मिळाली ती पाच हजार माणसांची. आले त्याच्या कित्येक पट. मैदान भरलं, खेळपट्ट्यांवर चुली पेटल्या, लोक सीएसएमटीच्या फलाटांवर झोपले, महापालिकेसमोरचा रस्ता अडला, हायकोर्टाने फटकारलं, आणि २ सप्टेंबरला आंदोलन मिटलं.

त्यानंतर चर्चा झाली ती वाहतुकीच्या खोळंब्याची. क्रिकेटवाल्यांनी खेळपट्ट्यांचं नुकसान मांडलं, तेही खरंच होतं. पण तटापासून हजार यार्ड मोकळी ठेवलेली जमीन आज जिमखाना, बागा, वाहनतळ, पोलीस चौक्या, क्लबांचे तंबू आणि मेट्रोची तोंडं वजा जाता सभेसाठी पाच हजारांपुरती उरते, आणि तेरा कोटींच्या राज्याची राजधानी या शहरात आहे. हा हिशेब सरकारने, जिमखान्यांनी आणि कोर्टाने एकत्र बसून अजून केलेला नाही. पुढचा मोर्चा येईल तेव्हा हा हिशेब रस्त्यावरच करावा लागेल.